मेबलबाईंच्या मागची खुर्ची

“...म्हणजे शनिवारपर्यंत तुम्हाला जरासा ताप वगैरे येऊ शकेल का, मास्तर?”

इतकं बेशरम कुणी आपल्या गुरूला विचारतं? दिगंबर शेलारनं विचारलं. वर हात जोडून.

इनास मास्तर वसईला आपल्या ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. चाळीस वर्षं हा माणूस मेबलबाईंच्या मागे बसून गिटार वाजवत आला. बाई ब्लूज गायच्या. ब्लूज म्हणजे इंग्रजीतलं दुखणं, मला तरी एवढंच कळतं. रेकॉर्डच्या कव्हरवर बाईंचा फोटो हा एवढा, आणि मास्तर कायम ‘व इतर’मध्ये. तरी मुंबईतला जो तो गाणारा आधी मास्तरांना विचारायचा, मगच कार्यक्रमाची तारीख धरायचा.

शनिवारी बाईंचा शेवटचा कार्यक्रम. गिटारला त्यांनी इनासच मागितला होता.

“ताप काय, कांजिण्यासुद्धा येतील,” मास्तर म्हणाले. “तूच जा वाजवायला. पण तुला एवढं झोंबलंय काय?”

“मला? मला कुठं झोंबलंय?” असं म्हणताना दिगंबरचे कान लालभडक.

“बरं.”

“तुमची बोटं थरथरतात आता.”

“थरथरतात.”

“बाईंच्या एका ओळीमागे तुम्ही तीन सूर वाजवता. मी तेवढ्यात तीस वाजवतो!”

“वाजवतोस खरा.”

भांडायला आलेल्या माणसाशी कुणी भांडलंच नाही, तर त्यानं करायचं काय? दिगंबर बोलतच सुटला.

“दिवाळीत तुम्ही आजारी होतात, तेव्हा मी वाजवलं. लोक उठून उभे राहिले, मास्तर. माझ्यासाठी! आणि बाई पडद्यामागे येऊन मला काय म्हणाल्या? ‘इनास बरा आहे ना?’...”

तो दम घ्यायला थांबला. कुठेतरी हलकेच काहीतरी वाजलं. शेजारचा रेडिओ असेल, असं त्याला वाटलं.

“आठ-आठ तास रियाज केलाय मी. बोटांची सालटी निघाली...”

पुन्हा ते वाजलं. जरा खालच्या सुरात.

“आप्पा गेले... त्या दुपारीसुद्धा मी वाजवत होतो. आतल्या खोलीत. आईनं दोनदा हाक मारली म्हणे. दोनदा... मला ऐकूच आली नाही, मास्तर.”

हे त्यानं बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. गडी आला होता गुरूची खुर्ची पळवायला, आणि बसला टरफलांच्या पसाऱ्यात घळाघळा रडत!

मास्तरांनी ना पाठीवर हात ठेवला, ना पाणी दिलं.

...

बऱ्याच वेळानं दिगंबरनं बाहीला नाक पुसलं आणि वर पाहिलं.

शेंगांची परात बाजूला सरकली होती. मास्तरांच्या मांडीवर गिटार होती. एक तार अजून हलत होती.

दिगंबर त्या तारेकडे बघत राहिला.

“तुम्ही... ही कधी उचललीत?”

मास्तरांनी तळव्यानं तार थांबवली.

“तुला रडू येतंय, हे तुला कळायच्या जरा आधी.”