रातांब्याच्या साली

माणसांची वस्ती अजून खाडीपर्यंत पोचली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एका रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या, झाडावर माकड राही आणि झाडाखाली सशीण आपल्या पिल्लांसह राही. माकड रातांब्यातला गोड गर चोखून आंबट साली खाली फेकी. सशीण त्या वेचून धुई, खडकावर सुकलेलं समुद्राचं मीठ लावी आणि करवंटीत मुरत ठेवी.

"काय सशीणताई, माझ्या उष्ट्यावर संसार चाललाय वाटतं!" माकड वरून खिदळे.

वैशाखात माकडाला ऊन लागलं. अंग भाजत होतं, पोटात पाणीही ठरेना. ते कसंबसं खाली उतरलं. सशिणीने मुरलेल्या सालींचं लालभडक सरबत केलं, त्यात थोडा मध घातला आणि पिल्लांच्या आधी त्याच्यापुढे धरलं. घोटाघोटाने त्याच्या अंगात जीव आला.

"आता तूही हसून घे मला," ते मान खाली घालून म्हणालं.

"हसू कशाला रे भाऊ? मला झाडावर चढता येतं होय? तू फेकलंस म्हणून माझ्या पोरांचा उन्हाळा सुखाचा जातोय. कधीचं सांगायचं होतं तुला, पण तू कधी खाली आलाच नाहीस."

माकडाने उरलेलं सरबत हळूच धाकट्या पिल्लाच्या तोंडाला लावलं.