अकरा नावांची गोजरा

खाडीत आगबोटीचा भोंगा अजून कुणी ऐकला नव्हता, त्या काळची ही गोष्ट. वेळशेत गावची.

तेव्हा गावात एक खोत होता. खोत म्हणजे सारा गोळा करणारा, असं कागदावर. खरं तर गावाने शिंकायचं झालं तरी त्याला विचारून शिंकावं, असा त्याचा दरारा. एका वर्षी शिमगा झाल्यावर त्याने कुणब्यांची अकरा तरणी पोरं मचव्यात बसवली. मुंबईला कौलं उतरवायचं काम आहे, गणपतीला परत याल, असं सांगितलं. गणपती आले आणि गेले. पोरं आली नाहीत. मग खोतानेच बातमी आणली की मचवा खाडीच्या तोंडाशी उलटला, एकही जण हाती लागला नाही. गाव ऊर बडवून रडलं. प्रेतं नव्हती, म्हणून दर्भाचे अकरा पुतळे करून जाळले. ज्यांची लग्नं झाली होती, त्यांच्या बायकांनी बांगड्या फोडल्या.

मचवा उलटला नव्हता. पोरं मुंबईला धडधाकट पोहोचली, तिथे खोताच्या ओळखीच्या दलालाने त्यांचे अंगठे घेतले आणि त्यांना मोठ्या जहाजात घातलं. जहाज गेलं मोरसला. मोरस म्हणजे समुद्रापलीकडचं बेट. तिथून साखर यायची, म्हणून आपली जुनी माणसं साखरेलाच मोरस म्हणायची. तो ऊस ज्यांनी तोडला, त्यांचं नाव मात्र कशालाच मिळालं नाही.

त्या अकरांतला एक भिवा. त्याने तिथल्याच एका कोकणी मजुराच्या मुलीशी लग्न केलं आणि त्यांना एक मुलगी झाली. तीच ही गोजरा.

गोजराला कळायला लागल्यापासून तिने एक गोष्ट रोज पाहिली. मळ्यावरून परतलं की बापाच्या गावची माणसं ओळीने बसायची आणि आपलं नाव, बापाचं नाव, घराची खूण मोठ्याने सांगायची. धाकू, रामजीचा, विहिरीवरचं घर. झिलू, गंगाजीचा, फणसाखालचं घर. मालकाच्या वहीत त्यांना नुसते आकडे होते, आणि गावाच्या जागी ‘मुंबई’ एवढंच. आपण आपल्यालाच विसरू, अशी त्यांना भीती वाटायची. एकेक माणूस मरत गेला, पण नावं अकराच राहिली. उरलेले मेलेल्यांचीही सांगायचे.

एकदा त्यांनी शिकल्यासवरल्या माणसाकडून घरी पत्र लिहून घेतलं. ते खोताच्याच हाती पडलं आणि दीड वर्षाने त्याचं उत्तर आलं: या नावाचे कुणी या गावात कधी नव्हते. भिवा दोन दिवस जेवला नाही, असं म्हणतात.

सगळ्यांत शेवटी भिवा गेला. गोजरा तेव्हा पस्तिशीची होती. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. मरताना बाप तिला म्हणाला, “घरी जा. आमी होतो, येवढं त्यांना सांग.”

बाईमाणसाने एकटीने समुद्र ओलांडावा, असा तो काळ नव्हता. गोजराने ओलांडला. तिच्याजवळ बापाच्या तोंडचं ‘येळशेत’ हे नाव होतं, अकरा नावं होती, आणि खारवडे गावी दिलेली एक आत्या आहे, एवढी माहिती होती. मुंबईहून ती गलबताने खाडीत आली आणि गावोगाव विचारत चालू लागली. वाटेत बापाचा एक चुलतभाऊ भेटला. भिवाचं नाव काढताच त्याचा चेहरा उतरला. त्याच्या लेखी ती काळं पाणी ओलांडून आलेली बाई, त्यातून मेलेल्या माणसाची मुलगी म्हणवणारी. त्याने पाण्याचा तांब्या उंबऱ्याबाहेर ठेवला आणि दार लावून घेतलं. गोजरा ते पाणी प्यायली नाही. तिने ते उंबऱ्यावर ओतलं आणि चालू लागली. तो उंबरा पुढे कधी सुकला नाही, भर वैशाखातही नाही, असं म्हणतात.

खारवड्याला आत्या सापडली. बायजा तिचं नाव. डोळे गेले होते, दारात बसून चाचपत कुळीथ निवडत होती. गोजराने पाया पडून सांगितलं की मी भिवाची लेक.

म्हातारीने कुळीथ बाजूला सारले. मग म्हणाली, “बाय, खोटं कशाला बोलतेस? भिवा बुडाला. माझं लगीन झालं त्याच सालात.”

“कुठे बुडाला?”

“खाडीच्या तोंडाला. अकराच्या अकरा बुडाले. पुतळे जाळले आमी.”

गोजराला वाटत आलं होतं की घरचे आपल्याला विसरले. तो मेला असं घरच्यांना सांगितलं गेलं, हे तिला ठाऊक नव्हतं. तिला रडू आलं नाही. संताप आला. बाप चाळीस वर्षं ऊस तोडत होता, रोज या घराचं नाव घेत होता, आणि इथे त्याची राख झाली होती. तिने आत्याचा हात धरून आपल्या तोंडावर फिरवला आणि ती अकरा नावं सांगू लागली, बापांसकट, घरांच्या खुणांसकट. सहाव्या नावाला म्हातारी उठली. काठी घेतली आणि म्हणाली, चल वेळशेतला, शिमगा आहे, सगळं गाव एका जागी भेटेल.

शिमग्याला वाघजाईची पालखी सहाणेवर येते. सहाण म्हणजे पालखी टेकवायचा दगडी चौथरा. तिथे गुरव देवीला गाऱ्हाणं घालतो आणि गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणतं. खोत अजून जिवंत होता. ऐंशीच्या पुढे गेलेला. चार गड्यांनी त्याला खुर्चीसकट उचलून आणलं होतं, कारण पहिला मान त्याचा.

गुरवाने गाऱ्हाण्याला तोंड उघडलं आणि त्याच्या आधी एका बाईचा आवाज आला. गाऱ्हाण्यात बाई बोलत नसे. गोजरा बोलली. तिने फक्त नावं घेतली. एक नाव घेई आणि थांबे. पहिल्या नावाला लोक चिडले. चौथ्या नावाला शांत झाले. अकराव्या नावापर्यंत ढोलावरचा हातही हलेना.

खोत तेवढा हसला. म्हणाला, “बाई खुळी हाय. या नावाचे कुणी या गावात कधी नव्हते.”

गोजरा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. “हेच उत्तर तुम्ही मोरसला धाडलं होतं. अक्षर न् अक्षर हेच. मग इथे पुतळे कुणाचे जाळलेत?”

खोताने गड्यांना खुर्ची उचलायची खूण केली, पण गडी हलले नाहीत. आणि गावाला सगळं कळलं.

तेव्हा बायकांतून साळू उठली. धाकूची बायको. सोळाव्या वर्षी बांगड्या फोडलेली, आता केस पांढरे. तिने गोजराला एवढंच विचारलं, की धाकू कधी गेला. गोजराला खोटं बोलता आलं असतं. ती बोलली नाही. पाच पावसाळे झाले, मीच शेवटचं पाणी पाजलं, असं तिने सांगितलं.

साळू हळूहळू चालत खोताच्या खुर्चीपाशी गेली. आपले दोन्ही रिकामे हात तिने त्याच्या डोळ्यांपुढे धरले.

“माझा घोव जिता होता,” ती म्हणाली. “तो तकडं जेवत होता, झोपत होता, माझं घर सांगत होता. आन् तू माज्याकडनं त्याचं सुतक पाळून घेतलंस.”

ती ओरडली नाही. पण सहाणेवरच्या दगडाला तेव्हा तडा गेला, असं म्हणतात. तडा आजही दिसतो.

मग पालखी उठली. रीतीने ती आधी खोताच्या अंगणात जायची. भोयांनी खांद्यावर घेतली, खोताच्या पायऱ्यांपर्यंत नेली, आणि तिथे ती अशी जड झाली की आठ माणसांचे गुडघे वाकले. दहा लागले, बारा लागले. वर जाईना. पाठ फिरवली आणि पालखी फुलासारखी हलकी झाली. ती आपल्या ओढीने निघाली आणि विहिरीवरच्या घरी गेली, फणसाखालच्या घरी गेली, अकराही घरी गेली. जी घरं पडली होती, त्यांच्या जोत्यांवर टेकली. काही जण म्हणतात की भोई त्याच अकरांचे पुतणे नि नातू होते, म्हणून ती तिकडे गेली. असेल. देवीला खांदे लागतातच.

खोताचं काय झालं? काही नाही. सरकारने विचारलं नाही, दलालाला कुणी धरलं नाही. खोत आपल्या पलंगावर, आपल्या उशीवर मेला. हे सांगताना जुनी माणसं अजून थुंकतात. मात्र त्याला खांदा द्यायला वेळशेतमधलं कुणी गेलं नाही. त्याचं नावही गावाने टाकलं. आज कितीही विचारा, कुणी सांगणार नाही.

गोजरा परत गेली नाही. साळूच्या घरी राहिली. त्या दोघींनी मिळून धक्क्यापाशी एक दगड उभा केला. त्यानंतर गावातून जो कुणी पोटासाठी बाहेर निघे, त्याला गोजरा त्या दगडापाशी उभं करी आणि विचारी, कुणाचा तू, कुठे चाललास, कोण नेतंय तुला. गावातल्या चौघांनी उत्तर ऐकल्याशिवाय मचवा सुटत नसे. ती शंभर वर्षं जगली, असं म्हणतात. तेवढी जगली नसेल. पण तिचं विचारणं तेवढं टिकलं.

आजही वेळशेतचं पोर आखातात निघो की मुंबईला, आधी गोजराच्या दगडापाशी उभं राहतं. हातात तिकीट असतं, पाठीवर बॅग असते, आणि गाव त्याला विचारतं, “कुणाचा तू?” ते आपलं नाव सांगतं, आईचं सांगतं, बापाचं सांगतं, घर सांगतं. नेणाऱ्याचं नावही सांगतं.

आणि दूरदेशाहून कुणी आपलं मूळ शोधत आलं, भाषा मोडकी, नाव वेडंवाकडं, तर वेळशेतमध्ये त्याला पुरावा मागत नाहीत. आधी आत घेतात, गूळपाणी देतात. मग गावातलं सगळ्यांत म्हातारं माणूस समोर येऊन बसतं आणि म्हणतं, “सांग बाबा. आमी ऐकतो.”