वहीत नसलेलं मरण

जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत शिरताना कोंडाक्कानं नातीचा हात इतका घट्ट धरला, की पोर म्हणाली, "आजी, दुखतंय गं."

सहा वर्षांपूर्वी घरात एकाच दिवशी पाळणा आला आणि तिरडीही उचलली गेली. लेकीच्या मरणाची नोंद झाली, रेवतीच्या जन्माची कुणाला आठवणच राहिली नाही. मुदत केव्हाच उलटली होती आणि आता शाळा दाखला मागत होती.

साहेबांनी अर्ज बाजूला सारला. "माझ्या दप्तरात नाही ते घडलेलंच नाही, बाई. ही पोर कुठून आणलीत, मला काय ठाऊक? चौकशी होईपर्यंत हिला बालगृहात ठेवावं लागेल." त्यांनी फोन उचलला.

रेवती आजीच्या पदरात शिरली.

"साहेब, आधी मरणाची वही बघा. माझ्या लेकीची, शेवंताची नोंद."

कारकुनानं वही काढून वाचलं, "प्रसूतीनंतर रक्तस्राव होऊन मृत्यू."

"म्हणजे बाळ झालं, हे तुमच्याच दप्तरात आहे. आता त्या बाळाचं मरण शोधा."

कारकुनानं पानं उलटली. "नाही, साहेब."

"दप्तरात नाही, म्हणजे ते मेलंच नाही," कोंडाक्का म्हणाली. "मग सांगा साहेब, ते बाळ आज केवढं झालं असेल?"

साहेबांनी रेवतीकडे पाहिलं, फोन ठेवला आणि अर्ज पुन्हा जवळ ओढला.

सहीचा कागद घेऊन बाहेर पडतानाही आजीची पकड तेवढीच घट्ट होती. या वेळी पोरीनंही आजीचा हात घट्ट धरला होता.