अकरा जणींची पोटदुखी

“तिनं भरलं ताट का सोडलं, एवढंच मला कळायला हवं,” देवतळे सर म्हणाले. “बाकी काही नाही.”

तादोनं ऐकून घेतलं. तो आंब्याखाली बसून बांबूची कांब सोलत होता, ती सोलत राहिला.

मी दोघांच्या मध्ये. मी कवडू, कॉलेजच्या वसतिगृहाचा शिपाई. सरांना माडिया येत नाही, तादोची मराठी मीठमिरचीच्या बाजारापुरती. म्हणून दुभाषी मी.

तादो म्हणजे आजोबा. सारं गाव त्याला तेच म्हणतं. नाव इरपा, नेलटोल्याचा गायता. गावचे देव, पेरणी, सण, सगळं त्याच्या शब्दावर चालतं. साऱ्या जगाला तो अरेतुरे करतो. मराठीत आणताना मी ‘तुम्ही’ लावत होतो. नोकरी आहे बाबा.

“कोणी सोडलं ताट?” तादोनं विचारलं.

“जैनी मट्टामीनं. तुमच्याच गावची मुलगी.”

“हो. आमचीच.”

“तिच्या वडिलांना विचारलं, तर ते म्हणतात तादोला विचारा.”

“बरोबर म्हणतो.”

सरांनी फाईल उघडली.

आमचे सर वाईट नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. ‘विद्यार्थी साहाय्य कक्ष’ त्यांच्याकडे आहे. आल्यापासून पोरांच्या अडकलेल्या शिष्यवृत्त्या सोडवल्या, मुलींच्या न्हाणीघरांना आतून कड्या बसवल्या, आठवड्यातून दोनदा नर्स येते तीही त्यांच्यामुळंच. खोड एकच. प्रत्येक गोष्टीला नियम पाहिजे आणि नियमाला क्रमांक पाहिजे. त्यांनी एक पुस्तकही छापून घेतलंय. डाव्या पानावर हक्क, उजव्या पानावर वर्तणूक. ते सदान्‌कदा त्यांच्या खिशात असतं.

“नऊ दिवसांपूर्वी रात्रीच्या जेवणाला कैरीची डाळ होती,” सर सांगू लागले. “बारा मुलींनी भरलेली ताटं तशीच ठेवली. रेक्टर मॅडमना वाटलं, जेवणावर बहिष्कार. तो गुन्हा आहे, नियम अठरा. मी चौकशी लावली. अकरा जणींनी लिहून दिलं की पोट दुखत होतं. तो विषय मिटला. नर्सनं अकराजणींना गोळ्या दिल्या.”

तादोनं विचारलं, “गोळ्यांनी बरं वाटलं?”

हे मराठीत आणताना माझ्या तोंडावर हसू आलं असणार, कारण सरांनी डोळे वटारले.

“वाटलं असेल. पण जैनीनं काहीच लिहिलं नाही. तीनदा विचारलं. पाच जणांची समिती बसवून विचारलं. नुसती उभी राहिली. याला आमच्याकडं उद्धटपणा म्हणतात. उद्या अकराला समितीची शेवटची बैठक आहे. कारण कळलं नाही, तर तिला वसतिगृह सोडावं लागेल.”

आता नेलटोला ते कॉलेज सदतीस किलोमीटर. मध्ये नदी, पूल नाही, एस.टी. नाही. वसतिगृह गेलं की कॉलेज गेलं. पोट्टी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, परीक्षा वीस दिवसांवर. या गावातून बारावीच्या पुढं गेलेली ती पहिलीच. हे सगळं सरांनाही ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणून तर भर उन्हात एवढी पायपीट करून आले होते. रागानं आलेला माणूस नदी चालून येत नाही.

“समिती बसून होती?” तादोनं विचारलं.

“हो.”

“आणि पोरगी?”

“उभी.”

“हं...”

कांबीची एक लांब सालटी निघून त्याच्या पायाशी पडली.

“तुमच्याकडं पुस्तक आहे म्हणतात.”

सरांचा चेहरा खुलला. खिशातून पुस्तक काढलं. “यात विद्यार्थ्यांचे सगळे हक्क आहेत. तक्रार करण्याचा हक्क. आपलं म्हणणं मांडण्याचा हक्क. कागदपत्रं बघण्याचा हक्क...”

“बोलायचा आहे?”

“आहे ना. हक्क क्रमांक तीन.”

“न बोलायचा?”

सर थांबले. पानं उलटली. पुन्हा उलटली.

“हा प्रश्न कधी आला नव्हता,” ते म्हणाले. खरं बोलले. मला तेव्हा त्यांच्याबद्दल बरं वाटलं.

ऊन चढलं होतं. सरांच्या बाटलीतलं पाणी नदीपाशीच संपलेलं. तादोनं तुंब्यातलं पाणी दिलं, ते प्याले, तरी घसा कोरडाच होता त्यांचा. आंबा मात्र वर असा लगडलेला की फांद्या टेकायला आलेल्या. खालीही कैऱ्यांचा सडा. सरांनी सहज हात घातला, एक कैरी उचलली, रुमालानं पुसली आणि कचकन चावा घेतला.

पलीकडं बाया मोहफुलं वाळवत होत्या, त्यांचे हात थांबले. एक म्हातारी काही बोलायला गेली आणि गप्प झाली. सारे तादोकडं बघायला लागले.

तादोनं घराकडं तोंड करून हाक मारली. मी ऐकलं आणि माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना.

“काय म्हणाले?” सरांनी विचारलं.

“मीठ आणा म्हणाले.”

मीठ आलं. तादोनं ते पळसाच्या पानावर घेऊन स्वतःच्या हातानं सरांपुढं ठेवलं.

सरांनी अर्धी कैरी मिठाशी खाल्ली. डोळे मिटून खाल्ली. मग त्यांच्या लक्षात आलं की आपल्याखेरीज कुणीच खात नाही. “तुम्हीही घ्या ना,” ते म्हणाले.

“नाही.”

“का? आंबट आहे म्हणून?”

“नव्या आंब्याचा पंडुम व्हायचा आहे.”

पंडुम म्हणजे सण. मी सरांना समजावून सांगितलं, की नवं फळ आधी देवाला दाखवतात, मग सगळे मिळून खातात. त्याआधी कुणी तोंडाला लावत नाही. कैरी नाही, कैरीची चटणी नाही, कैरीची डाळही नाही.

सरांचा हात तसाच राहिला. उरलेली कैरी कुठं ठेवावी ते त्यांना कळेना.

“तू मला आधी का नाही सांगितलंस, कवडू?”

“तुम्ही विचारलं नाही जी.”

हे जरा जास्तच झालं, कबूल करतो. ताटांचं कारण मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. चौकशीत आचाऱ्याला विचारलं, रेक्टर मॅडमना विचारलं, नर्सला विचारलं. शिपायाला कोण विचारतो? पण ते अर्धंच खरं. उरलेलं अर्धं असं, की मला भीती वाटली. पाच खुर्च्यांपुढं आपण होऊन बोलायची हिंमत माझ्यात नव्हती, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

सर तादोकडं वळले. “मला अडवलं का नाही?”

“तुमचा नेम आहे का तो?”

“नाही.”

“मग?”

सरांचे डोळे चमकले होते. वर्गात एखाद्या पोरानं अवघड प्रश्न विचारला की त्यांचं असं होतं. चटईवर ते जरा पुढं सरकले.

“समजा, गावातल्याच कुणी आधी खाल्ली. तर शिक्षा काय?”

“काही नाही.”

“दंड?”

“नाही.”

“वाळीत टाकता?”

“कैरीसाठी?” तादोला खरंच नवल वाटलं.

“मग नियम चालतो कसा?”

“तुमचा कसा चालतो?”

“शिक्षा असते. नियम अठरा मोडला, तर ताकीद. पुन्हा मोडला, तर वसतिगृह बंद.”

“आणि चालतो?”

पलीकडची म्हातारी हसली. तिला मराठी येत नव्हती, पण सरांचं तोंड वाचता येत होतं.

मग सर हळू आवाजात म्हणाले, जणू स्वतःशीच, “म्हणजे त्या अकराजणींचं पोट दुखत नव्हतं.”

मी हे तादोला सांगितलं.

“नव्हतं,” तादो म्हणाला.

“त्या खोटं बोलल्या. जैनी बोलली नाही. पण तिनं नुसतं खरं सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं. दोन मिनिटांचं काम. का नाही सांगितलं?”

तादोनं कोयता खाली ठेवला. “तिनं सांगितलं असतं, तर अकराजणींची पोटं तिथल्या तिथं बरी झाली असती.”

मी शब्दाला शब्द ठेवला, ध चा मा केला नाही.

सरांनी फाईल मिटली. मग उघडली. त्यात अकरा चिठ्ठ्या टाचलेल्या होत्या, वेगवेगळ्या अक्षरांत, सगळीकडं तेच एक वाक्य. त्यांनी त्या एकेक करून वाचल्या. मी कधी त्यांना एवढं सावकाश वाचताना पाहिलं नव्हतं.

“खोटं बोलणाऱ्या अकराजणींना मी गोळ्या दिल्या,” ते म्हणाले, “आणि ही...”

सरांनी खिशातून पेन काढलं. माणूस हाडाचा मास्तर, काय करणार. “मला तारीख सांगा. हा पंडुम कधी असतो? मी कॉलेजच्या कॅलेंडरमध्ये टाकतो. त्याआधी स्वयंपाकघरात कैरी येणार नाही. तसा नियमच करतो.”

“तारीख नसते.”

“अंदाजे?”

“मागच्या साली याच्या आधीच झाला होता.”

सरांनी वर झाडाकडं बघितलं. मलाही तेव्हाच दिसलं. कैऱ्या चांगल्या भरल्या होत्या, बाठा धरून जून झाल्या होत्या. खाली पडलेल्यांतल्या कितीतरी सडायला लागल्या होत्या. पोरं त्यांच्यावरून उड्या मारून जात होती आणि एकही उचलत नव्हती. भूक काही त्यांना कमी नव्हती.

“शेजारच्या गावांत झाला?”

“झाला. सगळीकडं झाला.”

“मग इथं का थांबलाय?”

“सगळे जमले नाहीत अजून. एक पान कमी असलं तर आम्ही बसत नाही. आमच्या गावची रीत आहे.”

“किती जण यायचेत?”

“एक.”

सरांनी कोण म्हणून विचारलं नाही.

फाईलमध्ये सगळ्यात खाली एक अर्ज होता. मला तो ओळखू आला, कारण कक्षात नेऊन मीच दिला होता. दोन दिवसांची रजा, कारण ‘घरी काम आहे’, खाली जैनीची सही. त्यावर लाल शाईनं सरांनी लिहिलं होतं: चौकशी पूर्ण होईपर्यंत रजा नाही, नियम चौदा. त्या अकराजणींची चौकशी मिटली होती ना, त्या गेल्या रविवारी आपापल्या गावी जाऊन, खाऊन-पिऊन, नाचून परत आल्या. त्यांच्याही अर्जांवर सरांचीच सही.

सर त्या लाल शाईकडं बघत राहिले.

“म्हणजे माझ्या एका सहीसाठी अख्खं गाव थांबलंय.”

“सहीचं मला कळत नाही,” तादो म्हणाला. “आम्ही पोरीसाठी थांबलोय.”

वारा सुटला. वरून दोनचार कैऱ्या धपाधप पडल्या. कुणी मान वळवली नाही.

मग सरांनी जो प्रश्न विचारला, तो मला आवडला नाही. “कवडू, त्यांना विचार. उद्या समितीनं जैनीला काढलं, तर परवा ती इथं असेल. तुमचं पान भरेल, सण होईल. पोरांना आंबे मिळतील. तुमच्या दृष्टीनं ते बरंच नाही का?”

“हे मी नाही विचारत सर.”

“विचार.”

“सर, काय बोलता जी...”

“कवडूभाऊ, मी टोमणा मारत नाहीये. मला खरंच जाणून घ्यायचंय.”

भाऊ म्हणाले ते मला पहिल्यांदाच. आणि चेहऱ्यावर टोमणा नव्हता, हे खरं. उद्या सकाळी पाच खुर्च्यांपैकी मधल्या खुर्चीवर तेच बसणार होते, आणि एवढ्या एका उत्तरासाठी ते जीव मुठीत धरून बसल्यासारखे दिसत होते.

मी खाली मान घालून विचारलं. शब्द जड झाले तोंडात.

बाया पुन्हा थांबल्या. या खेपेला म्हातारी हसली नाही.

तादो गुडघ्यावर हात टेकून उठला. लगडलेल्या झाडाखाली जाऊन वर बघत उभा राहिला. मग वळून सरळ सरांशी, त्याच्या त्या बाजारातल्या मोडक्या मराठीत बोलला. दुभाषाची गरज ठेवली नाही.

“तशी काढून दिलेली आली, तर पंडुम नाही. आम्ही सांगू... औंदा आंब्याले फळच नाही धरलं.”