गेनबाची जीप मांडवातून जाते

डोंगरातल्या एका वाडीत गेनबा नावाचा एक भोळा गडी राहत होता. भोळा म्हणजे किती? आई म्हणाली, "दुधाकडं बघ," तर दूध उतू जाऊन चूल विझेपर्यंत हा बघत बसायचा. पण सांगितलेलं मोडायचा नाही. तेवढं त्याच्यासारखं कुणालाच जमत नसे.

तीन ठिकाणी त्याला नकार आला होता. चौथं स्थळ डोंगरमाथ्यावरच्या वस्तीतलं. तिथल्या सुगंधाने विचारलं, "आमची वाट लई अवघड हाय. याल का?" गेनबा म्हणाला, "येतो की." ती हसली, आणि गेनबाला ती जी आवडली ती आवडलीच. तिचा बाप मात्र करडा. त्याने बजावलं, "मुहूर्त बारा वाजून वीस मिनिटांचा. टळला तर पोरगी देणार न्हाई."

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड पहाटेच पायी वर गेलं. नवरदेवाने पायी जाणं काही गेनबाच्या मामांना पटेना. त्यांची चारही चाकांना जोर असलेली जुनी जीप होती, पण त्यांचा उजवा हात प्लास्टरात. गेनबाला ट्रॅक्टर येत होता. मग काय, मुंडावळ्या बांधून नवरदेवच स्टिअरिंगवर बसला. मामा शेजारी, मांडीवर हार.

थोडं वर गेल्यावर वाटेत एक मोठा धोंडा आला. गेनबाने तो दोन चाकांच्या बरोबर मधे घेतला. खालून खर्रर्र झालं आणि जीप पोटावर बसली. तासभर खटपट करून ती निघाली.

"आरं, धोंडा पोटाखाली घ्यायचा नसतो," मामा म्हणाले. "समोर उंच काय आलं की त्याच्यावर चाक चढवायचं."

"बरं."

पुढे रस्ता चांगला रुंद होता. कडेला एका म्हातारीने गोवऱ्या रचून ठेवल्या होत्या, पुरुषभर उंच. गेनबाने रस्ता सोडला आणि चाक गोवऱ्यांवर चढवलं.

"मामा, चढवलं!"

म्हातारीने दोघांची सात पिढ्यांपर्यंत चौकशी केली. मामांनी डोक्यातली गोवरी झटकली. "आरं, पुढं काय हाय ते आधी खाली उतरून, चार पावलं चालून बघायचं. मग गाडी घालायची."

"बरं."

मग आला उतार, चांगला घसरणीचा. अर्ध्या उतारावर गेनबाला आठवण झाली. तो खाली उतरला आणि चार पावलं चालून बघू लागला. तेवढ्यात जीप त्याच्या शेजारून गेली. आत मामा होते.

"मामा, तुम्ही का पुढं गेलात?" गेनबाने विचारलं.

मामा करवंदीच्या जाळीतून बोलत होते. "आरं गाढवा! गाडी सोडून उतरतात व्हय? आधी हँडब्रेक ओढायचा. मग चाकाखाली दगड घालायचा. मग काय बघायचं ते बघ!"

"बरं."

मग ओढा आला. पाणी गुडघ्याच्या वर. गेनबाने जीप पाण्यात घातली, मधोमध नेली आणि हँडब्रेक ओढला. मग खाली उतरून तो पाण्यात हात घालून दगड शोधू लागला. चांगला चपटा मिळाला. तो चाकाखाली घालेपर्यंत पाणी आत शिरलं आणि इंजिन गप्प झालं.

अकरा वाजून गेले होते. सुगंधा वर वाट बघत असेल, हे गेनबाला आठवलं. त्याने एकट्याने ढकलून जीप काठावर आणली. ती वाळून चालू होईपर्यंत बारा वाजले.

मामांना रडू येणंच बाकी होतं. "पाण्यात थांबायचं न्हाई, गेनबा! पाणी दिसलं की खालचा गिअर टाकायचा, आणि कुणी काय बी म्हणू दे, पलीकडं कोरडी जमीन लागल्याबिगर थांबायचं न्हाई!"

"बरं."

बारा वाजून पंधरा मिनिटांनी जीप माथ्यावर आली. एवढ्या वर वेळेत आलेला हा पहिलाच नवरदेव! ताशे कडाडले. सासऱ्याच्या करड्या चेहऱ्यावरसुद्धा हसू आलं. बायकांनी मांडवाच्या दारात घागरी रिकाम्या करून सडा घातला होता.

गेनबाला पाणी दिसलं.

त्याने खालचा गिअर टाकला. जीप गुरगुरत, बैलगाडीच्या चालीने मांडवात शिरली. "थांब, थांब!" सगळे ओरडले. कुणी काय बी म्हणू दे. वऱ्हाडी दुतर्फा पळाले, आणि जीप बॉनेटवर अंतरपाट घेऊन पलीकडून बाहेर पडली. सडा तिथेही होता.

"आरं, लगीन मागं राह्यलं!" मामा किंचाळले. "थांबायचं, खाली उतरायचं आणि समोर उभी असंल तिच्या गळ्यात हार घालायचा, एवढंच काम हाय तुझं आता!"

"बरं."

कोरडी जमीन लागली ती शेजारच्या वस्तीत, एका गोठ्यापुढे. गेनबा थांबला. हँडब्रेक ओढला. चाकाखाली दगड घातला. मग मामांच्या मांडीवरचा हार उचलला आणि समोर जी उभी होती तिच्या गळ्यात घातला.

मागून अख्खा मांडव धावत येत होता. सर्वात पुढे भटजी, डोळे घड्याळावर. मुहूर्त टळू नये म्हणून ते पळता पळताच "शुभमंगल सावधान" म्हणाले, आणि लोकांनी मुठीतल्या अक्षता फेकल्या. निम्म्या गेनबावर पडल्या, निम्म्या म्हशीवर.

सुगंधा धापा टाकत पोचली. म्हैस हार खात होती. सुगंधा आधी रडकुंडीला आली, मग एवढी हसली की तिला जीपला टेकावं लागलं. "आलात पण," ती म्हणाली, आणि आपल्या हातातला हार तिने गेनबाच्या गळ्यात घातला. वाजले होते बरोबर बारा वीस.

गोठ्याचा मालक बाहेर आला. गेनबाकडे बघून म्हणाला, "काय जावईबापू, आमची लेक कधी नेताय सासरी?"

गेनबाने म्हशीकडे बघितलं. सुगंधाकडे बघितलं. मग त्याने जीपचं मागचं फाळकं उघडून आतली जागा नीट निरखली आणि विचारलं, "मामा, मागं दोघी बसतील का?"