लोणपाटचा सोललेला देव

हा बघा तो दगड. हात लावा, चालतं. फक्त पिशवीतली ती शेंदराची पुडी आतच राहू द्या. आमच्या लोणपाटात देवाला शेंदूर लावत नाहीत. तशी पाटी लिहिली आहे, तरी माणसं पुडी काढतातच. आणि हा दगड काय आहे ते मला सांगू नका. मागच्या आठवड्यात एक जण म्हणाला, तोफेच्या गाड्याचं चाक आहे. त्याच्या आधी एक बाई म्हणाल्या, आकाशातून पडलाय. पडला असेल, बाई, पण मधोमध भोक पाडून घेऊन कसा पडेल? मी शिकलेला माणूस नाही. पण पाट वाहतोय, सावली आहे, तर घटकाभर बसून ऐकायला काय हरकत आहे?

समोरचा बंधारा निंबाजी नावाच्या माणसानं बांधला, असं सांगतात. नाल्याचं पाणी त्यानं पाटात घेतलं, पाटावर शेतं पाडली आणि पाणी वाटायचं कामही तोच करी. एका पावसाळ्यात तापानं तो अचानक गेला. बोलायलाही सवड मिळाली नाही. मागे एक लाकडी पेटी राहिली. तिच्यात बैलांच्या घंटा होत्या, मोडकी पहार होती आणि बाकी सगळे दगड. निंबाजीला दगड जमवायची खोड होती म्हणे. कुठला हिरवा, कुठला अंड्यासारखा गुळगुळीत. त्यांतच हा होता, भाकरीएवढा, काळा, मधे भोक असलेला.

हा कशाचा, ते घरात कुणाला कळेना. आता, कळत नाही त्या वस्तूचं आपली माणसं काय करतात? विचारतात का कुणाला? नाही. शेंदूर लावतात. निंबाजीच्या सुनेनं तो कोनाड्यात उभा केला आणि तेलात कालवून शेंदूर फासला. देवाला भोक बरं दिसत नाही म्हणून ते मेणानं बुजवलं. देवाची पाठ उघडी नको म्हणून पाठीलाही थापला. तिच्या सुनेनं तेच केलं, तिच्याही सुनेनं तेच. दर अवसेला एक थर. चार पिढ्यांत त्या चपट्या दगडाचा कलिंगडाएवढा लाल गोळा झाला. त्याला नवस बोलले जाऊ लागले. चार पिढ्या, बरं का! एकानंही विचारलं नाही की आपला आजा हा पेटीत कशाला ठेवत होता.

तोवर शेतं तिघा भावांत वाटली गेली होती. वरची चारी थोरल्या उखाजीकडे, मधली झिपाकडे आणि पाटाच्या टोकाचं शेत धाकट्या हिलालकडे. चारी म्हणजे पाटातून शेतात पाणी नेणारी वाट. उखाजी चारी उघडायचा, ती आख्खा पाट पिऊन टाकायची. झिपाला उरलंसुरलं मिळे. हिलालच्या शेताला ओल लागायची ती दवाची. उखाजी वाईट नव्हता म्हणे. "पाणी माझ्या दारावरून जातं, मी काय त्याला जा म्हणू?" असं म्हणायचा आणि त्याला ते खरंच पटलेलं असायचं. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

अशाच एका माघात गहू ओंबीवर आला आणि करपू लागला. हिलालनं बायकोला, ठगूबाईला, सांगून टाकलं, "हा गहू गेला की आपण गाव सोडायचं. बैल विकत नाही, बैल घेऊनच जाऊ." देवाला तेल-शेंदूर घालायचं काम धाकट्या सुनेचं, आणि त्या दिवशी अवस होती. ठगूबाई थोरल्या घरी, उखाजीकडे गेली. सुकून गोळ्याचा एक टवका उडाला होता. आत काळी कड दिसत होती आणि कडेवर तिरपे, जवळजवळ मारलेले टाकीचे घाव होते.

तिथेच तिचा हात थांबला, असं सांगतात. जात्याला टाकी लावलेली कशी दिसते ते दळणाऱ्या बाईला शिकवावं लागत नाही. आणि असेच घाव तिनं रोज पाहिले होते. उखाजीच्या चारीच्या तोंडाशी एक घडीव शिळा आहे, तिच्यात गोल खाच आहे. पुरुषमाणसं त्या खाचेवर विळे घासत. ती खाच कशाची, हेही त्यांनी कधी विचारलं नव्हतं. विळा घासला जातोय ना, मग झालं!

ठगूबाईनं भाऊबंदांना पाटावर बोलावलं. थोरल्या दिरासमोर बोलायची रीत नव्हती, म्हणून ती पाण्याकडे तोंड करून बोलली, "देवाचा शेंदूर काढून बघायचा आहे."

मग काय विचारता! झिपा म्हणाला, तो म्हसोबा आहे, घर जाळील. उखाजी म्हणाला, गोसाव्यानं शाळिग्राम सांगितलाय. थोरली जाऊ म्हणाली, "अगं माझे माय, देवाची कातडी सोलतात का? उद्या म्हणशील, त्याचे दात मोजायचेत."

"म्हसोबा का शाळिग्राम, ते तरी ठरवा," ठगूबाई पाण्याला म्हणाली. "चार पिढ्या न्हाऊ-माखू घालता आणि नाव माहीत नाही. देव निघाला तर माझं शेत त्याच्या नावानं सोडीन आणि उद्याच गाव सोडीन. दगड निघाला तर तो जिथला आहे तिथे बसवायचा."

हिलालनं बायकोकडे पाहिलं. शेत त्याचं होतं. पण तो एवढंच म्हणाला, "ती म्हणते ते माझं म्हणणं समजा."

उखाजीला सौदा बरा वाटला असावा. गोळा आणला. कुणी हात लावेना, तेव्हा ठगूबाईनं घरून भाकरीचं उलथनं आणलं. आधी पाया पडली, मग खरवडू लागली. लाल पापुद्रे निघत राहिले, आत जुने काळपट थर, त्याच्या आत मेण. सूर्य माथ्यावरून कलला तेव्हा मेणाची गुठळी सुटून पाण्यात पडली आणि दगडातून पलीकडचं दिसू लागलं.

"देवाला भोक पडलं!" थोरली जाऊ ओरडली.

"होतंच ते, अक्का. आपणच बुजवलं."

ठगूबाईनं तो उचलून चारीच्या खाचेत ठेवला. टाकीचे घाव घावांना लागले आणि दगड बसला, जात्यात खुंटा बसावा तसा. उखाजीच्या चारीत भोकातून मनगटाएवढी धार शिरली. बाकीचं पाणी तोंडावरून वळून पुढे निघालं. निंबाजी वाटणी करायचा ती अशी. पुरात वाहून जाऊ नये म्हणून पावसाळ्यापुरता तो दगड घरी आणून ठेवायचा, एवढीच काय ती गोष्ट. तेवढ्यासाठी चार पिढ्यांचं तेल गेलं.

उखाजी त्या धारेकडे बघत राहिला. "एवढंच?" तो म्हणाला.

"एवढंच होतं, जिभाऊ," ठगूबाई म्हणाली. या वेळी ती त्याच्याकडे तोंड करून बोलली.

बाकीचं पाणी जातं कुठे, ते बघतोच, असं म्हणून तो तावातावानं पाटाच्या कडेनं निघाला. त्या टोकाला तो कित्येक वर्षांत गेला नव्हता. पाणी कोरड्या पाटात अडत, जिरत, हळूहळू चाललं होतं आणि त्यालाही तसंच चालावं लागलं. टोकाला पोचला तेव्हा भावाचा अर्धा गहू वाळून उभा होता. उखाजी तिथेच बांधावर बसला. घरून जेवायला हाक आली, उठला नाही. शेवटच्या वाफ्यात पाणी शिरलं, तेव्हा त्यानं त्याच पाण्यानं तोंड धुतलं आणि हिलालला म्हणाला, "बैल दावणीलाच राहू दे. कुठे जाऊ नको." अर्धा गहू वाचला. अर्धा गेला तो गेलाच.

आजही माघात पाणी सुटलं की वरच्या, उखाजीच्या घरचा कर्ता आपल्या हातानं हा दगड खाचेत बसवतो आणि पाण्याबरोबर टोकापर्यंत चालत जातो. शेवटच्या वाफ्यात पाणी पडेपर्यंत त्याच्या घरात चूल पेटत नाही. वरच्या घरचा कर्ता आता मीच आहे. गुडघे धड नाहीत, पाणी माझ्या पुढे निघून जातं आणि टोकाच्या घरची सून बांधावर उभी राहून ओरडते, "आबा, पाणी कधीच पोचलं! तुम्ही कुठे राहिलात?"