वाल्मेरचा न रडलेला राजा

वाल्मेर गावच्या जुन्या चर्चमध्ये लहान मूल रडायला लागलं की प्रार्थना थांबते. पाद्री बोलता बोलता गप्प होतो, बसलेली माणसं उठून उभी राहतात, आणि मूल आपणहून शांत होईपर्यंत त्याला कुणी चूप करत नाही. हे ऐकूनच शाल्मली आपल्या लेकीला, जुईला घेऊन डोंगर चढून आली होती.

रात्रभर तिला झोप नव्हती. या परमुलुखात आल्यापासून खालच्या मजल्यावरचे गृहस्थ जुईच्या रडण्याची तक्रार करत. घर सोडायची पाळी येऊ नये म्हणून शाल्मलीनं एक उपाय काढला. जुई रडली की आई खोलीबाहेर जाणार, गप्प झाली की कुशीत घेणार. बालमानसशास्त्रात पहिला वर्ग मिळवलेल्या बाईचाच उपाय तो, लागू पडला. परवा साडेतीन वर्षांची जुई जिन्यावरून पडली, ओठ फुटला, आणि तिनं आवाजसुद्धा काढला नाही. रक्ताळल्या तोंडानं आईकडे बघून शहाण्यासारखी हसली.

रविवारच्या प्रार्थनेला अजून अवकाश होता. चर्चच्या किल्ल्या सांभाळणारी ओडिला दारातच भेटली. शाल्मलीनं सवयीनं तिला आजी म्हटलं आणि मग त्याचा अर्थही सांगितला. "वय बरं लगेच ओळखलंस," म्हातारी म्हणाली आणि दोघींना बाकावर बसवून तिनं गोष्ट काढली.

फार पूर्वी इथं राजे असत. एकानं सख्ख्या भावाचे डोळे काढले, एकाला शिकारीत स्वतःच्याच माणसाचा बाण लागला. अंथरुणात मेलेला राजा त्या घराण्यात शोधूनही सापडायचा नाही म्हणे. आल्ब्रान राजा लढाईत पडला, तेव्हा त्याचा मुलगा तेओरिक नुकता पावलं टाकायला लागला होता.

राज्याभिषेकाचा रिवाज कडक होता. मुकुट डोक्यावर चढल्यापासून बिशपनं शपथ वाचून संपवेपर्यंत राजानं रडायचं नाही. रडला, तर त्यानं राज्य नाकारलं. नियम मोठ्या माणसांसाठी केलेला. गादीवर कधी तान्हं मूल येईल हे कुणाच्या ध्यानीमनी नसावं. आल्ब्रानचा भाऊ गेर्विन त्या एका हुंदक्याची वाट बघत होता. गादी त्याच्याकडे गेली तर पुतण्या जिवंत राहणार नाही, हे राणी इझेंटाला पक्कं ठाऊक होतं.

मग राणीनं मुलाला शिकवलं. ते रडलं की ती तोंड फिरवून निघून जाई. गप्प झालं की परत येई. दाईलाही मधे जायची बंदी होती. दाराआड उभी राहून राणी स्वतःच्या मनगटाचा चावा घेई, असं सांगतात. होता होता रडणं थांबलं. राणीला वाटलं, पोर वाचलं.

शाल्मलीनं जुईचा हात धरला. पुढचं ऐकू नये असं तिला वाटत होतं, पण आजीला थांबवायला तिच्यापाशी भाषा पुरी नव्हती. धीरही नव्हता.

मुकुट मोठ्या माणसाच्या मापाचा, म्हणून आतून लोकर टाचली होती. एक टाचणी तशीच आत राहून गेली. मुकुट दाबून बसवताना ती रुतली, कानामागून रक्ताची रेघ उतरली. शपथ संपेपर्यंत बाळ आईकडे बघत बसलं. लोकांनी चमत्कार म्हणून गुडघे टेकले. गेर्विनलाही टेकावे लागले.

त्याच हिवाळ्यात तेओरिकचा घसा सुजला. पाळण्यात ताप चढत गेला. शेजारी दाई निजलेली, भिंतीपलीकडे राणी. कुणाला काही ऐकू आलं नाही, कारण ऐकू येण्यासारखं काही नव्हतंच. उजाडलं तेव्हा बाळाचे डोळे उघडे होते, दाराकडे लागलेले.

मग गेर्विनचा राज्याभिषेक ठरला, तो याच चर्चमध्ये. शपथ चालू असताना एका मेंढपाळाच्या बायकोचं तान्हं रडायला लागलं. बाईनं घाबरून त्याच्या तोंडावर शाल दाबली. तेव्हा राणी इझेंटा उठली, तिनं तो हात बाजूला केला.

"रडू दे त्याला," ती म्हणाली. "त्याचं होईपर्यंत राजा थांबेल."

तिच्याकडे बघून एकेक माणूस उभा राहिला. बिशप थांबला. डोक्यावर मुकुट घेऊन गेर्विनही थांबला. एवढंच झालं. तान्हं रडून झोपलं, शपथ पुरी झाली आणि गेर्विन राजा झालाच. वाईट राजा झाला आणि पुष्कळ वर्षं राहिला. राणीचं पुढं काय झालं, ते कुणी सांगत नाही.

"आजही वाल्मेरमध्ये तो रिवाज पाळतात," असं म्हणत आजी उठली. माणसं जमू लागली होती. प्रार्थना सुरू झाली. थोड्या वेळानं पुढच्या बाकावरचं एक बाळ टाहो फोडून रडायला लागलं. पाद्री थांबला, सगळे उभे राहिले. बाळाच्या आईनं त्याला नुसतं धरून ठेवलं.

शाल्मली जुईसमोर गुडघ्यांवर बसली. "जुई, इथं रडलं तरी चालतं हं. आई कुठं जाणार नाही."

जुईनं त्या बाळाकडे नीट निरखून बघितलं. त्याच्यासारखं तोंड उघडलं, थोडा वेळ तसंच ठेवलं आणि मिटलं. मग ती आईच्या कानाशी आली.

"मला येत नाही," ती म्हणाली.